न मागितलेला शब्द

मेहरूणच्या तळ्याकडं तोंड असलेल्या प्रेमराजच्या घरात त्या आठवड्यात बायांची नुसती रीघ लागली होती. जी येई ती पदराआड काहीतरी घेऊन येई. गुळाची ढेप, चांदीची वाटी, कुणी लेकराच्या डोक्यावर टोपी घालून त्यालाच पुढं करी. आतल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसलेल्या धनकुंवरबाईंच्या पुढ्यात ते ठेवायचं, हात जोडायचे आणि त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचं. बाईंनी मान हलवली की आपली वस्तू उचलायची आणि मागचीला जागा करून द्यायची.

बाईंनी अभिग्रह धरला होता. म्हणजे मनातल्या मनात एक गोष्ट ठरवायची, ती कुणाला सांगायची नाही, आणि ती आपोआप डोळ्यांपुढं घडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. दिवसाउजेडी उकळून गार केलेलं पाणी तेवढं घ्यायचं. जैन साधुसाध्वी असे अभिग्रह धरतात, क्वचित एखादी संसारी बाईही धरते, आणि मग सगळा समाज मनातलं ओळखायच्या मागं लागतो. ज्याच्या हातून ती गोष्ट घडेल त्याला मोठं पुण्य.

त्या सकाळी भिकुबाईंचा नंबर होता. समाजाच्या प्रार्थनेच्या जागी, स्थानकात, त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी धाकट्या सुनेला पिवळी साडी नेसवून, हातात नारळ देऊन उभं केलं होतं. सुनेचे डोळे लालबुंद.

"पिवळी साडी, हातात श्रीफळ, डोळ्यांत पाणी. हेच ना बाई?" भिकुबाई म्हणाल्या.

धनकुंवरबाईंनी मान हलवली.

"बघा गं, काल दुपारपासनं मिरच्या कांडायला बसवलंय हिला," भिकुबाई बाकीच्यांकडं वळून म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या घरी एक कांदा चिरला की काम होतं. आपल्यात तीही सोय नाही."

बाया हसल्या. सूनही डोळे पुशीत हसली. धनकुंवरबाईंच्या कोरड्या ओठांवरही हसू आलं, पण ते तिथंच थांबलं. हसायलाही आता बळ लागत होतं.

आदल्या दिवशी खुद्द प्रेमराजनं डोक्याला वडिलांचा फेटा बांधला होता आणि फैजपूरहून आणलेला केळीचा घड खांद्यावर घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला होता. फैजपूर भागात केळीचे ट्रक भरून देण्याचं त्याचं काम. "लग्नातसुद्धा एवढे नटला नव्हतात," असं सारिका, त्याची बायको, म्हणाली होती. बाईंनी लेकाकडं कितीतरी वेळ पाहिलं होतं आणि मग मान हलवली होती. प्रेमराज घड घेऊन माघारी फिरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. आठ दिवसांची अठाई केव्हाच मागं पडली होती आणि आईच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

भांडी घासणारी मंजुळाबाई जाता जाता खोलीत डोकवायची. "माय, आमले नको सांगू. पण देवना कानमां तरी सांग व. तो बी दमी गया व्हई," ती म्हणायची.

बाई नुसत्या तिच्याकडं बघायच्या. देवाला ठाऊक होतंच. त्यांनी मनात धरलं होतं ते इतकंच, की आयुषीनं, त्यांच्या नातीनं, आपणहून येऊन आजोबांचा एक शब्द अर्थासकट आपल्या पुढ्यात ठेवावा. ते होईल तेव्हाच पारणं. आणि आयुषी तर तिकडं शिरपूरला, फार्मसीच्या कॉलेजात. आजीशी बोलणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

शब्दांची ही गोष्ट धुळ्याची. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत धनकुंवरबाईंचे यजमान सोहनलालजी यांचं किराणा दुकान होतं. त्या काळी पुड्या बांधायला रद्दी यायची. एकदा त्या रद्दीत इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश आला, कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा. सोहनलालजींचं लक्ष जाईपर्यंत दुकानातल्या लोटननं त्याची पुढची-मागची बहुतेक पानं फाडून पुड्या केल्या होत्या, आणि इंग्रजीची जवळजवळ सगळी अक्षरं मोहरी-जिऱ्याबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी गेली होती. हाती लागला तो मधला लहानसा गठ्ठा. सगळे शब्द एकाच अक्षराचे आणि त्यातही बरेचसे 'फॉर'नं सुरू होणारे.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या सोहनलालजींनी ती पानं दाभणानं शिवून घेतली आणि गल्ल्याशेजारी ठेवली. गिऱ्हाईक नसलं की ते वाचत बसायचे. त्यातले कितीतरी शब्द इतके जुने, की आता साहेबाच्या देशातही कुणी वापरत नाही, असं पुढं कॉलेजातल्या एका मास्तरांनी सांगितलं, तर सोहनलालजी म्हणाले, "मग कुणीतरी सांभाळायलाच हवेत."

धनकुंवरबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत पानं वाढायची, आणि ताटावर बसता बसता सोहनलालजी एखादा शब्द सोडायचे. फॉरगो. म्हणजे समोर असूनही न घेणं, सोडून देणं. फॉरबेअर म्हणजे हात उगारता येत असूनही आवरून धरणं. "ऐकलं का, ही तर आपली पच्चक्खाणंच झाली," ते म्हणायचे. रोज सकाळी आपण हे खाणार नाही, ते करणार नाही असे नेम बाई घेत, त्यांना पच्चक्खाण म्हणतात. आपल्या नेमांना सातासमुद्रापलीकडं कुणीतरी जुने भाऊबंद आहेत याची बाईंना मोठी गंमत वाटायची.

फॉरस्वंक म्हणजे कामानं पार पिट्ट्या पडलेला. दिवाळीच्या दिवसांत दुकान बंद करून आले की सोहनलालजी उंबऱ्यातूनच "फॉरस्वंक!" म्हणायचे आणि बाई तांब्या पुढं करायच्या. फॉरस्लॅक म्हणजे आळसापायी हातची गोष्ट घालवणं. हा त्यांनी लोटनसाठी राखून ठेवला होता, आणि लोटनला तो शिवी वाटायचा. फॉरथिंक म्हणजे केल्याचा पस्तावा होणं. फॉरवेप्ट म्हणजे रडून रडून रिकामं झालेलं माणूस. "हे फॉर लागलं ना," ते सांगायचे, "की यातले कितीतरी शब्द पार टोकाला जाऊन थांबतात. अधेमधे नाही."

आयुषी लहानपणी प्रत्येक सुटीत धुळ्याला यायची. हा खेळ तिनं असा काही उचलला, की आजोबाच मागं पडले. खेळाचा नियम एकच होता. शब्द मागायचा नाही. ज्याला द्यायचा त्यानं आपणहून द्यायचा, तोही अर्थासकट. पुढं शिरपूरच्या कॉलेजात गेल्यावर ती दर रविवारी बसनं धुळ्याला यायची. चपला काढायच्या आधी बाहेरूनच एखादा शब्द टाकायची. आजोबा आतून हसायचे. कधीकधी ती शब्द दादीला द्यायची, हळूच, पोळ्या लाटता लाटता. "दादी, हा तुझ्यासाठी."

मग सोहनलालजींच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. बघता बघता पाणीही खाली उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले आणि सोहनलालजींनी आपल्या तोंडानं संथारा मागितला. शेवट जवळ आला असं दिसतं तेव्हा अन्नपाणी आपल्या हातानं खाली ठेवून, सगळ्यांची क्षमा मागून, शांतपणे वाट बघायची, असं ते मोठं व्रत. जैन संघाच्या मंडळींनी घरच्यांची संमती विचारली. सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं. बाई हो म्हणाल्या.

आयुषी शिरपूरहून धावत आली होती. "पोटातून नळी घालता येते," ती सगळ्यांना सांगत सुटली होती. "अजून काही महिने काढतील ते. दादी, तू नाही म्हण. तुझ्या एका शब्दावर आहे." बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. तिनं तो काढून घेतला होता.

त्या दिवसापासून फोनवर "हो दादी", "नाही दादी", "जेवले दादी", एवढंच. सोहनलालजी गेल्यावर प्रेमराजनं आईला जळगावला आणलं. मग आयुषी जळगावला येईनाशी झाली. परीक्षा, प्रॅक्टिकल, काही ना काही निघायचं. बाई नेमानं सामायिक, म्हणजे दोन घटकांचं ध्यान, करायच्या, माळ ओढायच्या, रोजचे नेम घ्यायच्या, आणि माळेच्या मण्यांतून मन सारखं शिरपूरच्या रस्त्याला लागायचं. नवरा गेल्याचं दुःख त्यांनी पदरात घेतलं होतं. पण नात जिवंतपणी हातातून गेली, हे काही केल्या पदरात मावत नव्हतं.

पर्युषण संपलं. संवत्सरीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी बाई सकाळपासून मोबाइल जवळ घेऊन बसल्या होत्या. दुपारी आयुषीचा निरोप आला. गुलाबाची फुलं, जोडलेले हात, वर सोनेरी अक्षरांत मिच्छामि दुक्कडं. तयार चित्र. सारिकानं आपला मोबाइल उघडून दाखवला, तिलाही तेच आलं होतं. प्रेमराजलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानकात सगळ्या बाया आपापली पच्चक्खाणं घेत असताना धनकुंवरबाईंनी डोळे मिटले आणि अभिग्रह धरला.

अभिग्रह धरताना मुदत ठेवतात. आणि आगार ठेवतात, म्हणजे सवलती. प्रकृती ढासळली, मन ठिकाणावर राहिलं नाही, थोरांची आज्ञा झाली, तर नेम मोडता यावा म्हणून ठेवलेल्या वाटा. इतकी वर्षं नेम घेणाऱ्या बाईंना हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या सकाळी मनानं अशी काही उडी घेतली की मुदत ठेवायची राहिली आणि आगारही राहून गेले.

भिकुबाई सुनेला घेऊन परत गेल्या त्याच दुपारी स्थानकातल्या साध्वी, महासतीजी, मांगलिक म्हणजे आशीर्वादाचा पाठ ऐकवायला घरी आल्या. वयानं धनकुंवरबाईंपेक्षा कितीतरी लहान, पण बोलणं मोजकं. मांगलिक झाल्यावर त्यांनी खोलीतल्या बायांना जरा बाहेर व्हायला सांगितलं.

"आगार ठेवलेत ना बाई?"

"नाही, महासतीजी."

"मुदत?"

"नाही."

"तुम्ही तर दुसऱ्यांना शिकवता. मग खिडकी नसलेलं घर कसं बांधलंत?"

बाईंनी मान खाली घातली.

"काय धरलंय ते मी विचारणार नाही. एकच विचारते. ती गोष्ट कुणा दुसऱ्या माणसाच्या मनावर अवलंबून आहे का?"

बाईंची नजर चटईवरच्या मोबाइलकडं गेली.

"मग हा उपास तुमच्या एकट्याचा राहिला नाही," महासतीजी म्हणाल्या. "त्या माणसालाही घडतोय. त्याला न विचारता." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "उपास आपण आपल्यावर करायचा असतो, बाई."

त्या गेल्यावर बाई कितीतरी वेळ भिंतीकडं बघत राहिल्या. आपण नातीची वाट बघतोय असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. पण वाट बघणारं माणूस दार उघडं टाकून बसतं. आपण दोरीच टाकली होती, पोरीच्या गळ्यात, आणि दुसरं टोक आपल्या पोटाला बांधून घेतलं होतं. आता सोडावं म्हटलं तर आगार नाहीत. मोडावा तर आयुष्यभराच्या नेमांना बट्टा. ठेवावा तर...

बाहेर ओट्यावर प्रेमराज फोनवर बोलत होता. आवाज दाबून, पण दाबलेला आवाज आत जास्तच ऐकू येत होता.

"मला माहीत आहे तुझी परीक्षा आहे. मी परीक्षेचं बोलत नाहीये. डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस असेच गेले तर... अगं, तुझी आजी आहे ती!... नाही, मनातलं ओळखायला नको येऊस. नुसती बघायला ये."

संध्याकाळच्या बसनं आयुषी निघाली आणि धुळ्याला मावशीकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावला पोचली. मंजुळाबाईच पहिल्यांदा आत पळत आली. "पोर उनी व माय! तुमनी नात उनी!"

आयुषी खांद्यावरची बॅग न काढता खोलीच्या दारात उभी राहिली. उंच झाली होती, की वाळली होती, बाईंना कळेना. केस आखूड कापलेले. डोळे आजोबांचे.

"ये ये, बरी आलीस," भिकुबाईंनी लगेच ताबा घेतला. "तू लाडाची. तूच ओळख बघू, दादीच्या मनात काय आहे ते. रक्ताच्या माणसाला कळतं."

"मला नाही ओळखायचं."

"असं कसं? केवढं पुण्य..."

"मावशी, तुम्ही सगळ्या जरा बाहेर बसता का? मला दादीचं बीपी बघायचंय."

बाया कुजबुजत उठल्या. आयुषीनं बॅगेतून यंत्र काढलं, दंडाला पट्टा गुंडाळला. हात थंड होते तिचे. परक्या पेशंटशी बोलावं तसं ती बोलत होती.

"लघवी होते का?"

"होते."

"चक्कर?"

"उठताना."

"छातीत धडधड?"

"तू आलीस तेव्हा झाली."

आयुषीनं ऐकलं नसल्यासारखं केलं. पट्टा सोडताना मात्र तिची नजर आजीच्या दंडावर थांबली. तिथं दंड असा राहिलाच नव्हता. नुसती कातडी, ओल्या पंच्यासारखी. तिनं यंत्र चटईवर आदळलं.

"आता तूही," ती म्हणाली. आवाज हळूच होता. "आधी ते. आता तू. आणि मी प्रत्येक वेळी शिरपूरहून बॅग घेऊन धावत यायचं, बघत बसायचं, पाया पडायचं आणि अनुमोदना करायची. केवढी मोठी तपस्या म्हणून. बाहेर त्या बायका गूळ घेऊन बसल्यात दादी! त्यांना दिसत नाही? याला शब्द आहे. फॉरपाइन. माणूस दुःखानं, उपासमारीनं झिजत जातो, वाळून जातो, आत काही उरत नाही, त्याला म्हणतात. तू फॉरपाइन होत चालली आहेस. आरसा आणू?"

बाईंच्या कानात एकदम गरम झालं. खोली आधी लांब गेली आणि मग अगदी जवळ आली.

शब्द आला होता. अर्थासकट. न मागता.

असा येईल हे त्यांनी मनात आणलं नव्हतं. त्यांच्या मनात होती ती रविवारची आयुषी, पोळ्या लाटताना कानाशी वाकलेली. हा शब्द तर दगडासारखा आला होता. क्षणभर बाईंच्या मनात आलं, हा धरायचा नाही. रागाचा शब्द कशाला मोजायचा? कुणाला काय ठाऊक? आता पोर आली आहे. दोन दिवस राहील. निवळेल. मग तो खरा शब्द येईल, हवा तसा.

पण धरताना 'प्रेमानं' असं कुठं धरलं होतं? आणि महासतीजींचं वाक्य अजून खोलीत उभं होतं.

"आयुषी," त्या म्हणाल्या, "माझा अभिग्रह पुरा झाला."

"काय?"

"आत्ता. तू केलास."

आयुषी बघत राहिली. तिची बुद्धी पहिल्यापासून चलाख. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली आणि शेवटी चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे माझ्या तोंडून शब्द निघावा म्हणून तू उपाशी बसलीस?"

"हो."

"आणि मी आलेच नसते तर?"

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"मी आले नसते आणि तू... आणि मग कुणीतरी मला सांगितलं असतं, की दादीच्या मनात तू होतीस?" आयुषीचा आवाज फुटला. "हा धाक आहे दादी. धर्माच्या नावानं घातलेला धाक."

"धाकच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीचा आधार सोडला, दोन्ही हात जोडले, आणि वयानं, नात्यानं एवढ्या लहान पोरीपुढं मान वाकवली. "काल कळलं मला. तोवर परतीचे दोर कापून बसले होते. मिच्छामि दुक्कडं, बेटा. तोंडानं म्हणते. माझं चुकलं."

आयुषीनं घाईनं ते हात धरून खाली केले. मग तिथंच चटईवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर भिकुबाईंच्या बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी खोकत होतं.

"तोच शब्द मी दादाजींनाही मारला होता," आयुषी म्हणाली.

बाईंना हे ठाऊक नव्हतं.

"तू सामायिकात होतीस. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शब्द देतील. मीच आधी दिला. म्हटलं, तुम्ही फॉरपाइन होताय, मुद्दाम, सगळ्यांसमोर. ते रागावले नाहीत. म्हणाले, अर्थ बरोबर आहे गं. पण तो ज्याच्यावर वेळ येते त्याचा शब्द. मी तर माझ्या हातानं सोडून देतोय. त्याला दुसरा शब्द आहे, तुला येतो, सांग." ती थांबली. "येत होता मला. लहानपणी पहिला तोच शिकले होते. मी नाही सांगितला. उठले आणि बसस्टँडवर गेले. म्हटलं रविवारी येईन तेव्हा सांगेन."

रविवार आला तेव्हा सोहनलालजी नव्हते.

बाईंनी तिच्या आखूड केसांवर हात ठेवला. या वेळी तिनं डोकं काढून घेतलं नाही.

पारणं होतंय ही बातमी दारातून बाहेर गेली आणि घर उसळलं. सारिका रडत रडत स्वयंपाकघरात धावली. प्रेमराज आईच्या पायाशी येऊन नुसता बसला. कुणी केशरी दूध आणलं, कुणी शिरा, भिकुबाईंनी तर घरून खीर मागवली.

"पण होतं काय मनात? आता सांगायला हरकत नाही," भिकुबाई म्हणाल्या.

"नातीनं यांचा एक शब्द सांगावा, एवढंच."

"एवढंच? अन् मी इकडं पोरीला मिरच्या कांडायला लावल्या!"

"दूध नाही, शिरा नाही, खीर तर नाहीच," आयुषी उठून उभी राहिली होती. "इतक्या उपासानंतर एकदम गोड आदळलं तर जीव जाईल तिचा. मम्मी, मुगाचं पाणी कर. अगदी पातळ. डॉक्टरांना मी फोन करते. आणि चमच्यानं मीच देणार. कुणी मध्ये बोलायचं नाही."

भिकुबाईंनी खिरीचं भांडं खाली ठेवलं. "पारण्याला गोड नको म्हणणारी पहिलीच बघितली," त्या पुटपुटल्या. पण मध्ये बोलल्या नाहीत.

नवकार मंत्र म्हणून झाला. आयुषीनं पहिला चमचा आजीच्या ओठांशी नेला. कोमट, थोडंसं खारट पाणी जिभेवर आलं आणि बाईंच्या डोळ्यांतून आपोआप धार लागली. दुसरा चमचा द्यायच्या आधी आयुषी घड्याळ बघत होती. हळूहळू बाया पांगल्या. प्रेमराज डॉक्टरांना आणायला गेला. खोलीत दोघीच उरल्या.

"दादी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

आयुषी वाटीत चमचा फिरवत राहिली. "शेवटी दादाजींना तहान लागली होती का?"

बाईंनी डोळे मिटले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. भेटायला आलेल्यांना त्या सांगत आल्या होत्या, समाधीत गेले, शांत गेले. ते खोटं नव्हतं. आताही तेवढं सांगितलं असतं तर पोरीच्या मनाला उतार पडला असता. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिला तेच ऐकायचं आहे.

"लागली होती," बाई म्हणाल्या.

चमचा थांबला.

"पहाटे ओठ हलले त्यांचे. मी ओळखलं. उशाशी वाटीत पाणी होतं, दिवस उगवल्यावर मला प्यायला. मी त्यात बोट बुडवलं. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. पाण्याचंही पच्चक्खाण झालं होतं त्यांचं. मी बोट तसंच धरून बसले. वाळेपर्यंत."

"तू पाजलं नाहीस."

"नाही."

"पाजावंसं वाटलं होतं?"

"अजून वाटतं. रोज, पाणी पिताना."

आयुषीनं वाटी न बघताच खाली ठेवली, ती कलंडली, मुगाचं पाणी चटईवर सांडलं. ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे गदागदा हलत होते. बाईंनी तिला थांब म्हटलं नाही, डोळे पुसले नाहीत. त्यांच्या हातात तेवढं बळही नव्हतं. त्या नुसत्या तिच्या गुडघ्याला हात लावून बसून राहिल्या.

"मला नाही पटत," बऱ्याच वेळानं आयुषी म्हणाली. नाक ओढत, लहानपणी बोलायची तशी. "त्यांचंही नाही, तुझंही नाही. अजून नाही पटत."

"नको पटू दे."

"मी भांडणार आहे तुझ्याशी. पुष्कळ भांडणार आहे."

"भांड. फोनवर भांड, घरी येऊन भांड. हो दादी, नाही दादी मात्र करू नकोस."

आयुषीनं ओढणीनं तोंड पुसलं. खिडकीतून तळ्यावरचं ऊन तांबूस झालेलं दिसत होतं. सूर्य मावळायला फार वेळ नव्हता, आणि मावळल्यावर दादी थेंबही घेणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन वाटी पुन्हा भरून घेऊन आली, आजीच्या मानेमागं हात घालून तिला नीट बसवलं.

"दादाजींना नळी न घालता तू संथाऱ्याला हो का म्हणालीस," ती म्हणाली, "ते आधी सांग. पहिल्यापासून."

"सांगते."

"थांब. आधी हे गीळ."

बाईंनी तोंड उघडलं.